सेशन संपले, म्हणजे नेमके कधी?

2014 साली ब्राउझरमध्ये व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, आले, तेव्हा त्यातून बाहेर पडण्यासाठी वेगळी आज्ञाच नव्हती. मोझिलात व्लादिमिर वुकिचेविच आणि गूगलमध्ये ब्रँडन जोन्स यांनी फायरफॉक्स आणि क्रोमियम (क्रोमचा उघड्या कोडाचा पाया) यांच्या ज्या प्रायोगिक आवृत्त्या काढल्या, त्यांत वेबपान आधी ब्राउझरकडून जोडलेल्या उपकरणांची यादी मागून घेई. या यादीत डोक्यावरचा पडदा वेगळा आणि डोक्याची हालचाल मोजणारा सेन्सर वेगळा असे. मग पान एखादा भाग ‘फुलस्क्रीन करा’ म्हणून सांगे आणि त्या विनंतीला पडद्याचे नाव जोडून देई. शिरण्याचा मार्ग एवढाच होता. बाहेर पडायचे तर एस्केपचे बटण दाबायचे. फुलस्क्रीन गेले की व्हीआरही गेले.

आज हे भाबडे वाटते, पण त्या काळच्या यंत्रांकडे पाहिले की त्यामागचा विचार कळतो. ऑक्युलसचे पहिले विकासक-संच संगणकाला दुसऱ्या मॉनिटरसारखे दिसू शकत. विंडोजच्या दृष्टीने डोक्यावरचा तो डबा म्हणजे आणखी एक पडदा होता, आणि पडद्यावर चित्र पूर्ण पसरवायचे तर ब्राउझरकडे त्याची सोय आधीपासूनच होती. नवीन दार पाडण्याची गरज कोणालाच वाटली नाही. माझ्या मते पुढच्या पाच-सहा वर्षांच्या कटकटींचे मूळ इथे आहे: व्हीआरमधून बाहेर पडणे ही दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीच्या मागोमाग आपोआप घडणारी बाब मानली गेली होती.

हा इतिहास लिहिण्याची साधने बरीच चांगल्या स्थितीत आहेत. मानकांचे मसुदे गिट नावाच्या नोंदवहीत ओळीओळीने टिकून आहेत. मसुद्यांना जोडलेली स्पष्टीकरण-पत्रे आहेत, क्रोमियम आणि फायरफॉक्सचा कोड उघडा आहे आणि सगळ्या ब्राउझरांना समान असलेल्या चाचण्याही आहेत. मात्र ही साधने एकाच तोलाची नाहीत. नव्या आवृत्तीच्या वेळी कंपन्या जी घोषणा करतात ती बखर समजावी. तिच्यात सगळे ठरल्याप्रमाणे झालेले असते. मसुदा काय व्हायला हवे ते सांगतो. कोड आणि त्यातल्या टिपा हा मात्र अस्सल कागद. तिथे कोणाला, कशाची, किती भीती वाटत होती ते शाईसकट दिसते. या लेखात जिथे मसुदा आणि कोड यांत फरक आहे, तिथे मी कोडाला जास्त वजन दिले आहे.

1 मार्च 2016 रोजी मोझिलाने वेबव्हीआर 1.0 चा, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हीआरच्या नव्या रचनेचा, प्रस्ताव जाहीर केला. ऑक्युलस रिफ्ट त्याच महिन्याच्या अखेरीस बाजारात आला आणि एचटीसी व्हाइव्ह एप्रिलमध्ये. या हेडसेटचा पडदा सेकंदाला 90 वेळा नवे चित्र मागतो, म्हणजे एका फ्रेमसाठी जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. फुलस्क्रीनच्या आडवाटेने हे निभणारे नव्हते. म्हणून नव्या प्रस्तावात पडदा आणि सेन्सर एकत्र करून ‘व्हीआर-डिस्प्ले’ हा एकच पदार्थ केला गेला. त्याला ‘रिक्वेस्ट-प्रेझेंट’ ही शिरण्याची आणि ‘एक्झिट-प्रेझेंट’ ही निघण्याची आज्ञा मिळाली. निघण्याला स्वतःचे नाव मिळाले ते इथे, पहिल्यांदा.

नाव मिळाले, पण प्रतिष्ठा मिळाली नाही. याचा पुरावा एका छोट्या तपशिलात आहे. पान व्हीआरमध्ये शिरले तर ‘व्हीआर-डिस्प्ले-प्रेझेंट-चेंज’ नावाचा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची सूचना, येई आणि बाहेर पडले तरीही तोच येई. आपण आत आहोत की बाहेर, हे पानाने डिस्प्लेवरची ‘इज-प्रेझेंटिंग’ ही खूण वाचून ओळखायचे. सुरुवात आणि शेवट या एकाच खुणेच्या दोन बाजू होत्या, दिव्याच्या बटणासारख्या. त्या रचनेत अडचण अशी की डिस्प्ले हा पदार्थ आधीही असतो आणि नंतरही उरतो. पान व्हीआरमधून निघाले तरी त्याच्या हातात डिस्प्ले राहतोच. तो हातात असणे आणि त्याच्यावर हक्क असणे यांत मसुद्याने भेद केला नव्हता. काय संपले, या प्रश्नाला ‘काहीच नाही, एक खूण बदलली’ हेच उत्तर होते.

फायरफॉक्सने 8 ऑगस्ट 2017 रोजी 55 व्या आवृत्तीत, विंडोजपुरते, वेबव्हीआर सर्वांसाठी खुले केले. तोपर्यंत मानक लिहिणारे मात्र पुढच्या रचनेकडे वळले होते. तिला आधी वेबव्हीआर 2.0 म्हणत. त्याच वर्षाच्या अखेरीस, भोवतालच्या खऱ्या जगावर चित्रे बसवणारे एआरही यात येणार म्हणून, नाव वेबएक्सआर झाले. सप्टेंबर 2018 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये ‘इमर्सिव्ह वेब’ हा कार्यगट स्थापन झाला. 5 फेब्रुवारी 2019 रोजी पहिला अधिकृत मसुदा निघाला आणि डिसेंबर 2019 मध्ये क्रोम 79 बरोबर वेबएक्सआर लोकांच्या हाती आले. मसुद्याच्या आजवरच्या संपादकांत ब्रँडन जोन्स आहेत, नेल वालिचेक, रिक काबानिये आहेत आणि आधी मोझिलातर्फे व मग गूगलतर्फे काम केलेले मनीष गोरेगावकरही आहेत. मराठी वाचकाची नजर या आडनावावर क्षणभर थांबली तर त्यात नवल नाही.

वेबएक्सआरमधला सर्वांत मोठा बदल ‘सेशन’ हा आहे. पान आता उपकरण हातात घेत नाही, ते सेशन मागते. सेशनला जन्म आहे, आयुष्य आहे आणि शेवट आहे. स्पष्टीकरण-पत्राची भूमिका अगदी निःसंदिग्ध आहे: संपलेले सेशन पुन्हा जिवंत होत नाही, त्याच्यावर केलेली कामे निष्फळ ठरतात आणि परत आत जायचे तर नव्याने विनंती करायची. वापरणारा, दुसरे एखादे अ‍ॅप किंवा सुटलेली तार यांपैकी कशानेही सेशन संपू शकते आणि पानाने ते गृहीत धरूनच लिहायचे, असेही त्यात आहे. 2014 मध्ये उपकरण पानाच्या ताब्यात होते. इथे ते ब्राउझरचे झाले आणि पानाला मुदतीवर मिळू लागले. ही मालकीची अदलाबदल शिरण्याच्या नियमांत जाणवत नाही. ती दिसते निघण्याच्या नियमांत.

मानकात सेशन बंद करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहिल्या आहेत. प्रथम सेशनवर ‘संपले’ अशी खूण करायची. मग ‘सध्या चालू असलेले सेशन’ ही जागा रिकामी करायची. सेशनने दिलेली आणि अजून न फेडलेली प्रॉमिसे, म्हणजे ‘काम झाले की कळवतो’ अशी वचने, नाकारायची, फक्त ‘एंड’ या आज्ञेने दिलेले सोडून. त्यानंतर उपकरणाचा एकाधिकार सोडायचा, चित्रांसाठी घेतलेली मेमरी परत करायची आणि दुसऱ्या कोणाला लगेच सेशन सुरू करता येईल अशा स्थितीत हेडसेट आणून ठेवायचा. शेवटी ‘एंड’ हा इव्हेंट धाडण्यासाठी रांगेत लावायचा. पानाने स्वतः ‘एंड’ ही आज्ञा दिली असेल तर तिचे प्रॉमिस उपकरण बंद करण्याचे काम खरोखर उरकल्यावरच पुरे होते.

या क्रमात दोन वेगळे क्षण आहेत आणि सगळी गुंतागुंत त्यांच्यामधल्या अंतरात आहे. सेशन संपल्याची खूण पहिल्या पायरीवर होते. उपकरण मोकळे होते ते नंतर. मधल्या काळात सेशन पानासाठी मेलेले असते आणि हेडसेटसाठी अजून जिवंत. मसुद्यात हा काळ एका वाक्यात मिटतो. कोडात तो मिटवता येत नाही, कारण पान एका प्रक्रियेत चालते, ब्राउझरचा मुख्य भाग दुसऱ्या प्रक्रियेत आणि विंडोजवरच्या क्रोममध्ये हेडसेटशी बोलणारा भाग तिसऱ्याच प्रक्रियेत. हेडसेट बनवणाऱ्यांचे सॉफ्टवेअर कोलमडले तर आख्खा ब्राउझर त्याच्याबरोबर बुडू नये म्हणून ही फारकत. परिणामी ‘बंद करा’ हा निरोप दोन उंबरे ओलांडून जातो आणि त्याचे उत्तर तेवढेच उंबरे ओलांडून परत येते. किंवा येतच नाही.

आता अस्सल कागद. क्रोमियममध्ये पानाला दिसणारे सेशन ज्या फाइलीत लिहिले आहे, तीत ते बंद करण्याची रचना तीन टप्प्यांची आहे. पानाकडून येणारी ‘एंड’ ही आज्ञा स्वतः फार थोडे करते. सेशन आधीच संपलेले असेल तर ती चूक म्हणून परतवते, नाहीतर काम ‘फोर्स-एंड’ नावाच्या आतल्या कार्याकडे सोपवते आणि पानाला प्रॉमिस देऊन मोकळी होते. फोर्स-एंडला बोलावणारे आणखीही आहेत. उपकरणाशी असलेला संपर्क तुटला की ब्राउझरचा आतला भाग तेच बोलावतो. पान मिटले, दुसरीकडे गेले, तरी तेच. पूर्वी जिथे प्रत्येकाला आपापली वाट काढता आली असती, तिथे सगळ्यांना एकाच खिंडीतून जावे लागते. अशा बदलाला रिफॅक्टरिंग म्हणतात, म्हणजे बाहेरून दिसणारी वागणूक कायम ठेवून आतली मांडणी बदलणे. या कामात मांडणी बदलण्याचा अर्थ प्रामुख्याने हाच, की निघण्याच्या वाटा मोजून एक करायच्या.

खिंडीतून जाताना मात्र प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची असते: उत्तराची वाट पाहायची, की ताबडतोब संपवायचे? कोडात याला शटडाउनचे धोरण म्हटले आहे आणि धोरणे दोनच आहेत. पानाने सभ्यपणे निरोप मागितला तर वाट पाहायची, कारण पलीकडे ऐकणारा आहे. संपर्कच तुटला असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडून उत्तर यायचे तोच राहिलेला नाही.

सर्वांत बोलकी जागा याच्या पुढे येते. सेशन आधीच संपले असताना फोर्स-एंड पुन्हा बोलावले गेले तर काय? त्यावरच्या टिपेचा आशय असा: मुकाट परत फिरा, हे कार्य फक्त आतला कोड वापरतो आणि सेशन बंद आहे याची खात्री करणे एवढाच त्याचा हेतू, त्यामुळे यात वावगे काही नाही. म्हणजे पानाने दोनदा ‘एंड’ म्हटले तर चूक, ब्राउझरने स्वतःशी दोनदा म्हटले तर चालते. बाहेरच्यासाठी नियम कडक आणि घरच्यांसाठी सैल, असा हा प्रकार. आणि इथे तो योग्यच आहे. पानाच्या चुकीने पान लिहिणाऱ्याला काहीतरी शिकायला मिळते. ब्राउझरच्या आत दोघांनी एकाच वेळी दार लावले तर त्यातून कोणालाच काही शिकायचे नसते.

पण या सवलतीला एक अपवाद जोडलेला आहे आणि साऱ्या पुनर्रचनेचे कारण मला त्यात दिसते. सेशन संपले आहे, ‘शटडाउनची वाट पाहत आहे’ अशी खूण उभी आहे, आणि इतक्यात दुसरी हाक ‘आता वाट पाहू नका’ असे धोरण घेऊन येते. तेव्हा परत फिरायचे नाही. उरलेले काम तिथल्या तिथे उरकायचे. संपर्क तुटल्याचे उदाहरण टीप स्वतःच देते. यावरून घडलेला किंवा घडेल अशी भीती असलेला प्रसंग उभा करता येतो. पानाने ‘एंड’ म्हटले. सेशनवर संपल्याची खूण झाली. निरोप पलीकडे गेला, आणि उत्तर यायच्या आत पलीकडची प्रक्रिया कोसळली. हा अपवाद नसता तर दुसरी हाक ‘आधीच संपले आहे’ म्हणून परतली असती, पहिल्या हाकेचे उत्तर कधीच आले नसते, प्रॉमिस कायमचे लोंबकळले असते आणि पानाला ‘एंड’ इव्हेंट मिळालाच नसता. वापरणाऱ्याने हेडसेट काढून टेबलावर ठेवला आहे, समोरचे पान मात्र अजून ‘बाहेर पडत आहे…’ दाखवत बसले आहे, असे दृश्य. ‘संपले’ या एकाच खुणेवर भागत नव्हते म्हणून ‘संपते आहे’ ही दुसरी खूण आली, असे मी अनुमान करतो. 2016 च्या त्या एका खुणेपासून इथवरचा प्रवास तेवढा आहे.

तिसरा टप्पा आवरण्याचा. वाट पाहण्याची खूण काढायची. फ्रेम पुरवणाऱ्या यंत्रणेला सेशन संपल्याचे सांगायचे. प्रॉमिस राखून ठेवले असेल तर ते पुरे करायचे आणि मग ‘एंड’ इव्हेंट धाडायचा. मात्र पानाचा संदर्भच नष्ट झाला असेल तर यातले काहीही न करता परत फिरायचे, कारण मिटलेल्या पानाची जावास्क्रिप्ट चालवणे निषिद्ध आहे. मानक आणि कोड यांतला एक फरकही इथे नोंदवतो. मानकात ‘चालू सेशन’ची जागा उपकरण सोडण्याच्या आधी रिकामी होते. क्रोमियममध्ये फ्रेम-यंत्रणेला ही बातमी आवरण्याच्या टप्प्यात मिळते, म्हणजे वाट पाहायची असेल तर उत्तर आल्यानंतर. मानकाचा क्रम वाचायला सोपा आहे, कोडाचा क्रम उपकरणाशी प्रामाणिक आहे.

फायरफॉक्सचा पुरावा वेगळ्या धाटणीचा, पण त्याच दिशेचा. तिथे व्हीआरचा कारभार पाहणाऱ्या भागाच्या अवस्था एका यादीत मांडल्या आहेत: बंद, निवांत, हेडसेटच्या सॉफ्टवेअरचा शोध, उपकरणांची मोजदाद, सक्रिय आणि ‘थांबत आहे’. ही शेवटची अवस्था वेगळी धरली, तिथेच सारे आले. मोझिलाच्याच सर्व्हो या प्रायोगिक इंजिनात, रस्ट भाषेत लिहिलेल्या वेबएक्सआरच्या भागात तर ‘क्विटर’ नावाचा स्वतंत्र पदार्थ आहे. दुसऱ्या धाग्यावरून सेशनला ‘निघा’ असा निरोप पोचवणे एवढेच त्याचे काम. सर्व्होच्या या कामाला पुढे मोझिलाचा आश्रय राहिला नाही. ऑगस्ट 2020 च्या कपातीत तो चमू गेला आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला. कोड टिकला.

एक गोष्ट या प्रवासात गळून पडली, तिच्याकडे लक्ष वेधतो. वेबव्हीआरच्या इव्हेंटमध्ये ‘कारण’ लिहिण्याची जागा होती: हेडसेट चढवला, उतरवला, दुसऱ्या पानावरून आलो, विनंती केली. वेबएक्सआरच्या ‘एंड’ इव्हेंटमध्ये कोणते सेशन संपले एवढेच असते. का संपले ते नसते. बटण दाबून संपले की बॅटरी गेली, पानाला यातले काही कळत नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. कारण कळले की लिहिणारे प्रत्येक कारणासाठी वेगळी वाट काढतात, आणि वाटा वाढल्या की एखादी बंद पडलेली कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय माणसाने हेडसेट का काढला, हे वेबपानाला कळावे असे काही नाही.

हेडसेट काढणे म्हणजे सेशन संपणे, असेही वेबएक्सआर मानत नाही. त्यासाठी ‘दृश्यता’ ही वेगळी सोय आहे आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत: दिसते आहे, दिसते आहे पण लक्ष दुसरीकडे आहे, आणि लपलेले आहे. हेडसेटचा स्वतःचा मेन्यू मध्ये आला तर पान मधल्या पायरीवर जाते आणि मेन्यू मिटला की परत येते. ही सोय झाल्यामुळे ‘एंड’चा अर्थ एकेरी राहिला. तात्पुरते थांबणे हा त्याचा अर्थ कधीच नसतो.

समान चाचण्यांच्या संग्रहात सेशनच्या शेवटासाठी स्वतंत्र चाचणी आहे, आणि चाचण्यांसाठी तयार केलेल्या खोट्या उपकरणाला ‘संपर्क तोड’ अशी आज्ञाही देता येते. खरी तार न उपटता ती उपटल्याचे सोंग करता यावे, यासाठी ही तजवीज. मानक 31 मार्च 2022 रोजी शिफारशीच्या उमेदवारीपर्यंत पोचले. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिजन ओएस 2 बरोबर अ‍ॅपलच्या सफारीनेही व्हिजन प्रो हेडसेटवर वेबएक्सआर खुले केले. तिथे वरची गोल कळ दाबली की माणूस बाहेर येतो. ही कळ ना ब्राउझरची, ना पानाची. पानाला तरीही तोच ‘एंड’ मिळतो.

वाचकांपैकी कोणी वेबएक्सआरमध्ये काही बांधत असेल तर या कागदांवरून एक सांगणे आहे. आवराआवरीचा कोड आपल्या ‘बाहेर पडा’ बटणाच्या मागे लिहू नका; त्या बटणाने फक्त ‘एंड’ म्हणावे. आवाज थांबवणे, चित्र पुन्हा साध्या पडद्यावर वळवणे, फ्रेमची साखळी खिडकीच्या नेहमीच्या यंत्रणेकडे देणे हे सारे ‘एंड’ इव्हेंट ऐकणाऱ्या एकाच कार्यात ठेवा. ब्राउझर लिहिणाऱ्यांनी आपल्या बाजूच्या वाटा एक केल्या आहेत, तुमच्या बाजूलाही एकच ठेवा.